आकड्याचं काम

घाटकोपर (पश्चिम), मुंबई
२० जानेवारी १९८५

ती. भीमराज दादास,

शकुचा जय भीम. वहिनीलाही सांग.

दीड वर्ष पत्र नाही म्हणून तू रागावला असशील. राग आला की तू दाढी करत नाहीस, त्यामुळे आता तोंड कसं झालं असेल ते मला इथूनच दिसतंय. आधी बातमी ऐक, मग हवं तेवढं बोल. लताच्या बाबांची कंपनी बंद झाली. दोन वर्षं होत आली गेटला टाळं लागून. तुला कळवलं नाही, कारण तू कारखान्यातून रजा टाकून धावत आला असतास आणि आम्हाला बोचक्यासकट गावी नेलं असतंस. लता नववीत आहे. तिची शाळा मोडायची नाही, एवढं एकच मी धरून बसले.

लताचे बाबा आता मुलुंडला एका गोदामावर वॉचमन आहेत, पण महिन्यातले निम्मे दिवस बदलीवर. म्हणून मीही कामाला लागले. काळजी करू नकोस. काम आकड्याचं आहे, कागदात आहे. तू मागे लागून सातवी करायला लावलीस, ती वाया गेलेली नाही.

वस्ती डोंगरावर आहे, वारा छान येतो. वहिनीच्या हातच्या ठेच्याची फार आठवण येते.

तुझी,
शकु

•

बोरखेडी, ता. वैजापूर, जि. औरंगाबाद
११ फेब्रुवारी १९८५

चि. शकुस,

सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. दाढी केली. कंपनीचं ऐकून वाईट वाटलं, त्याहून वाईट तू लपवलंस याचं वाटलं. थंडीनं माझी वाकडी करंगळी आखडली आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. लहानपणी विहिरीच्या रहाटात हात घातला होतास तू आणि सापडली माझी करंगळी, हे विसरली नसशील.

पण शकु, पुढचं वाचून मी उठून उभा राहिलो. आकड्याचं काम! कागदपत्रांत! बुधवारी विहारात सगळे जमले होते, तिथं मी तुझं पत्र खिशातून काढून दाखवलं. म्हटलं, आमची शकु मुंबईत आकडेमोड करते. कुणी मध्ये बोललं नाही. बाबा असायला हवे होते. गावानं दिलेली ती येसकराची घुंगरू बांधलेली काठी त्यांनी ज्या दिवशी मोडून चुलीत घातली, त्या दिवशी मी बारा वर्षांचा होतो. तू लहान, तुला आठवणार नाही. मेलेली जनावरं ओढायची, गाव झाडायचं, हाक आली की ताटावरून उठायचं, ते सगळं त्या काठीबरोबर जळालं. त्या जाळावर बाबांनी सगळ्या आळीला चहा पाजला आणि म्हणाले, "माझी पोरं कुणाच्या उकिरड्याला हात लावणार नाहीत." तू त्यांचा शब्द राखलास.

तुझ्या वहिनीची मात्र अक्कल बघ. आमच्याकडे आकडा म्हणजे तारेवर टाकून फुकट वीज घेतात तो. द्रौपदी विचारते, "शकुवन्सं खांबावर चढतात का हो?" मी तिला गप्प केलं.

तुझ्या ऑफिसचा पत्ता कळव. पाकिटावर तोच घालीन.

तुझा दादा,
भीमराज

•

घाटकोपर
२ जून १९८५

ती. दादास,

जय भीम. उत्तराला उशीर झाला. विहारात सांगितलंस? तू पण ना, दादा! घरातली गोष्ट घरात ठेवायची.

पत्ता हाच असू दे. ऑफिस असं काही नाही, एक खोली आहे. घाटकोपर पूर्वेला एक कॉलनी आहे, तिथं अनुपमाबाई साळसकर म्हणून शाळेत शिकवणाऱ्या बाई राहतात, मूळच्या मालवणकडच्या. कॉलनीची जुनी पंपाची खोली रिकामी होती, ती त्यांनी भांडून आम्हाला मिळवून दिली. आम्ही सात जणी आहोत. पांढरा कागद वेगळा, छापील वेगळा, पुठ्ठा वेगळा, असं लावून ठेवायचं. माझ्या जोडीला रुक्मिणी आहे, तीही कोकणातली. तिच्या नवऱ्याची गिरणी संपात गेली. ती हसायला लागली की खोलीची कौलं हलतात.

मी जुनी वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचते आणि बाकीच्या ऐकत काम करतात. आमच्याकडे बातमी पंधरा दिवसांनी पोचते, पण पोचते. परवा एका पुढाऱ्याचं आश्वासन वाचलं, तोवर त्यानं ते मोडल्याची बातमीही त्याच गठ्ठ्यात होती.

आमच्या खोलीत एक नियम आहे. एक शब्द आहे, तो कुणी तोंडातून काढायचा नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. अनुपमाबाईंनी आतापर्यंत सगळ्यात जास्त चहा पाजला. कुठला शब्द ते विचारू नकोस.

तुझी,
शकु

•

बोरखेडी
२५ ऑगस्ट १९८५

शकुस,

हे पत्र रागात लिहितो आहे. वाचून झाल्यावर फाडून टाक.

गोदीतला जयवंत परवा सुट्टीवर आला. पारावर बसलो होतो. मी आपला अभिमानानं तुझ्या कामाचं सांगत होतो, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे भीमराज, मुंबईत बाई आकड्याचं काम करते म्हणजे मटका घेते. ओपन आणि क्लोज. चिठ्ठ्या कागदावरच लिहितात ना!" चार माणसं हसली. मी चप्पल न घालता घरी आलो.

आता सगळं उलगडलं. ऑफिसला पत्ता नाही. पंपाची खोली. सात बायका. आणि तो न उच्चारायचा शब्द! पोलिसांच्या भीतीनं मटक्याला मटका म्हणत नसाल, दुसरं काय? शाळेतल्या बाईही त्यात आहेत याचं नवल वाटलं. लता घरात वाढते आहे, तिचा तरी विचार करायचा होतास.

खरं काय ते एका ओळीत लिही.

भीमराज

•

घाटकोपर
१० सप्टेंबर १९८५

ती. दादास,

जय भीम. तुझं पत्र मी फाडलं नाही. खोलीत वाचून दाखवलं. रुक्मिणी हसून हसून पुठ्ठ्यांवर आडवी झाली. "तुझो भाव झकास आसा गे!" म्हणाली. अनुपमाबाईंना मटकेवाली म्हटलंस तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसले, पण मला आतून रडू येत होतं. चूक तुझी नाही, माझी आहे. मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही आणि तरी खरं लपवलं.

सोबत फोटो पाठवते आहे. माझ्या उजव्या हातात ती हातभर सळई दिसते ना, मुठीला चिंधी गुंडाळलेली आणि टोकाला वाकवलेली, तो आकडा. ढीग उकरायला आणि हात न घालता कागद उचलायला तो लागतो. मी कागद, काच, पत्रा आणि प्लास्टिक वेचते. लोक टाकतात त्यातून.

आता सगळं सांगते. टाळं लागल्यावर आठ महिने आम्ही कसे काढले ते विचारू नकोस. मग शेजारणीबरोबर मार्केटमागच्या ढिगावर गेले. पहिले पंधरा दिवस डोळ्यांपर्यंत पदर ओढून काम केलं. एकदा हवालदारानं गोणी ओढून घेतली, म्हणाला चोरीचा माल आहे. रुक्मिणी त्याच्या अंगावर धावली, "आमी काय चोर आसंव?" पण गोणी गेलीच. पुढं कॉलनीच्या कुंडीत हात घातला आणि फुटक्या बरणीनं तळवा फाडला. वरच्या गॅलरीतून अनुपमाबाईंनी बघितलं, धावत खाली आल्या, पट्टी बांधली. म्हणाल्या, "काच वेगळी ठेवली असती तर हात कापला नसता ना?" मी कळवळून म्हटलं, "मग ठेवाल का?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी दोन डबे होते, एकात कागद, एकात काच. महिन्याभरात त्यांच्या जिन्यातली सोळा घरं तसं करायला लागली. आता आम्ही कुंडीत उतरत नाही. बेल वाजवतो, घरातली बाई हातात देते.

खोलीच्या निम्म्या भागात सकाळी आमची लहान पोरं बसतात. अनुपमाबाईंची एक विद्यार्थिनी त्यांना शिकवते. पूर्वी ही पोरं ढिगाशेजारी बसायची. आणि आता आम्हाला ओळखपत्र मिळालं आहे. त्यासाठीच हा फोटो. फोटोवाला म्हणाला, "बाई, ते लोखंड खाली ठेवा." मी म्हटलं, "आधी फोटो काढा, मग बोला." कार्डावर गळ्यापर्यंतचाच लागतो म्हणे, म्हणून अख्खा तुला पाठवते आहे.

न उच्चारायचा शब्द 'कचरा'. आम्ही त्याला माल म्हणतो. हे पत्र तुला लिहिते आहे म्हणून चहाची सूट मागून घेतली.

तुला काय वाटेल याची मला भीती आहे. पण मला या कामाची लाज वाटत नाही, दादा.

तुझीच,
शकु

•

बोरखेडी
१ ऑक्टोबर १९८५

शकुस,

फोटो मिळाला. त्यापेक्षा मटका परवडला असता.

गाव झाडणं सुटावं म्हणून बाबांनी आयुष्य घालवलं. तुला सातवी शिकवली ती कचरा उपसायला नाही. पूर्वी गावाचा कचरा होता, आता शहराचा. तू त्याला माल म्हण नाहीतर मोती म्हण, कचरा तो कचराच. बाबांनी चुलीत घातलेली काठी तू मुंबईत जाऊन उचललीस, टोक तेवढं वाकडं करून घेतलंस.

विहारात आता लोक विचारतात, शकु काय म्हणते? मी काय सांगू? माझी बहीण लोकांचा कचरा उचलते?

फोटो ट्रंकेत तळाशी ठेवला आहे. काम सोडशील त्या दिवशी पत्र लिही. तोवर लिहू नकोस.

भीमराज

•

घाटकोपर
१४ एप्रिल १९८६

ती. दादास,

जयंतीचा जय भीम. काम सोडलेलं नाही, तरी लिहिते आहे. तू वाचू नकोस, वहिनीला वाचायला दे.

सहा महिने तुझं पत्र उशाशी ठेवून झोपते. तू मला मारलं असतंस तरी इतकं लागलं नसतं. बाबांनी काठी जाळली ती का, यावर मी खूप विचार केला. ती काठी गावाची होती. हाक गावाची, वेळ गावाची, आणि नाही म्हणायची सोय नाही. आमचं तसं नाही. आमचं ठरलेलं आहे, कुठल्या घरात कुणी "ए, उचल" म्हणालं तर त्या घराची बेल परत वाजवायची नाही. दोन घरं अशी सोडली. त्यातल्या एका घरची बाई महिन्यानं जिना उतरून खोलीपर्यंत आली आणि म्हणाली, "शकुताई, उद्यापासून याल का?" ताई म्हणाली, दादा. मी दोन दिवस तिला वाट बघायला लावली आणि मग गेले.

गेल्या महिन्यात आमची वाट लागणार होती. कॉलनीचे सेक्रेटरी विद्याधर कर्णिक, सभ्य माणूस, पण त्यांना पंपाची खोली स्कूटरी ठेवायला हवी होती. म्हणाले वास येतो, माशा होतात. सभा भरली. अनुपमाबाईंनी मला बोलायला उभं केलं. मी खोलीतून एक गोणी आणली, सतरंजीवर ओतली आणि म्हटलं, "साहेब, आधी वास घ्या. मग यातला कागद लावून दाखवा." कर्णिकांनी बाह्या सरसावल्या. सगळं एका ढिगात गेलं. मग मी बसले. मेणकागद बोटाला कळतो. चांगला पांढरा कागद फाडताना वेगळा वाजतो. प्लास्टिक कडक का नरम ते नखानं वाजवून समजतं. मी डोळे मिटून लावून दाखवलं, आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई, ऐंशीच्या असतील, काठी आपटून म्हणाल्या, "सकाळी पोरं बाराखडी म्हणतात ती मला वर ऐकू येते. खोली काढलीत तर माझी रद्दी रोज तुमच्या दारात टाकीन, विद्याधर." खोली राहिली. कर्णिक आता स्वतः बाटल्या धुऊन देतात.

आम्ही एकोणीस झालो. लता दहावीला बसली. पेपर बरे गेलेत म्हणते. तिची निम्मी पुस्तकं आमच्या मालातून निघालेली आहेत.

शकु

•

(पोस्टकार्ड)
घाटकोपर, २१ जून १९८६

दादा, लता दहावी पास झाली. अडुसष्ट टक्के. आपल्या घरातली पहिली. खोलीत पेढे वाटले, तुझ्या नावाचा पेढा बाजूला काढला होता, तो शेवटी रुक्मिणीनं खाल्ला. वहिनीस जय भीम.
शकु

•

घाटकोपर
९ डिसेंबर १९८६

ती. दादास,

जय भीम. तुझं उत्तर नाही. तरी ही गोष्ट तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर माणसांचा केवढा सागर असतो तुला ठाऊक आहे. गावोगावची माणसं मैदानात उतरतात, फडक्यातली भाकरी सोडतात, आणि माणसं परतली की मैदानभर कागदच कागद. दर वर्षी मी दर्शन घेऊन यायचे आणि तो कागद बघून मला कसंसंच व्हायचं. बाबासाहेबांच्या दारात असं? या वर्षी खोलीत विषय काढला. म्हटलं, मी आकडा घेऊन जाणार, कुणी येवो न येवो. आम्ही चार जणी बौद्ध, बाकीच्या नाहीत. रुक्मिणी पहिली म्हणाली, "माका पण येवचां आसा." एकोणीसच्या एकोणीस आल्या. पांढरी लुगडी, गळ्यात ओळखपत्र, हातात आकडा. सकाळपासून दुपारपर्यंत एका टोकानं सुरुवात करून रांगेनं पुढं सरकत गेलो. माणसं उठून वाट देत होती. पोरं कागद गोळा करून आणून देत होती.

एका भाऊंच्या हातात भाकरी खाऊन उरलेला वर्तमानपत्राचा बोळा होता. खाली टाकणार तेवढ्यात मी म्हटलं, "भाऊ, खाली टाकू नका, हातात द्या." त्यांनी दिला. मान खाली घालून दिला. मी तो कागद गोणीत टाकला नाही, सरळ करून, घडी घालून कनवटीला लावला. का ते माझं मला माहीत.

संध्याकाळी पाय इतके दुखत होते, तरी आम्ही गात आलो.

शकु

•

बोरखेडी
२१ डिसेंबर १९८६

चि. शकुस,

अनेक जय भीम.

सव्वा वर्षानं लिहितो आहे. करंगळीचं निमित्त सांगणार नाही. चार कागद फाडले, हा पाचवा.

शकु, तो भाऊ मी होतो.

गावातली वीस माणसं दर्शनाला निघाली, त्यांच्याबरोबर मी आलो. तुला कळवलं नाही. घाटकोपरला येणार नव्हतो. आलो तसाच परत जाणार होतो, इतकं माझं मन कठोर झालं होतं. दर्शन झालं, मैदानात बसून भाकरी खाल्ली. तेवढ्यात गोदीतून आम्हाला भेटायला आलेला जयवंत म्हणाला, "ते बघ, काय शोभा आहे!" पांढऱ्या लुगड्यांची रांग येत होती. प्रत्येकीच्या हातात सळई. मी फोटोत पाहिलेली तीच. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं कुणाला तरी विचारलं, "या बाया कुणी बोलावल्या?" तो म्हणाला, "कुणी नाही, बाबा. घाटकोपरच्या आहेत. आपल्या मनानं आल्यात." म्हातारा उठला आणि त्यानं रांगेला हात जोडले.

आपल्या मनानं. हे दोन शब्द मी गावापर्यंत घोकत आलो. बाबा आपल्या मनानं कधी कुठं गेले होते? तू मला एप्रिलमध्ये हेच लिहिलं होतंस. मी ते पत्र वाचलं होतं, शकु, सगळी वाचली होती, द्रौपदीच्या आधी. पण कळलं मैदानात.

मग तू माझ्यासमोर उभी राहिलीस. केस पिकलेत तुझे. मी टोपी पुढं ओढली आणि कागद तुझ्या हातात दिला. तू मला भाऊ म्हणालीस आणि सख्ख्या भावाला ओळखलं नाहीस. बरंच झालं. मला त्या वेळी माझं तोंड तुला दाखवता आलं नसतं. तू पुढं गेलीस, आणि जयवंत माझ्याकडे बघून म्हणाला, "डोळ्यात काय गेलं रे?" मी म्हटलं, "ती बघ, ती माझी बहीण."

एवढंच लिहायचं होतं. माफी मागायला मी मोठा आहे की लहान, ते तू ठरव.

भीमराज

•

घाटकोपर
२ जानेवारी १९८७

ती. दादास,

जय भीम.

अरे वेड्या, मी ओळखलं होतं.

टोपी ओढून काय होतं? तो बोळा धरलेल्या हाताची करंगळी बाहेर आली होती, वाकडी. आख्ख्या मैदानात तसली करंगळी एकच, आणि ती वाकडी झाली तेव्हा मी तिथं होते. ती पण एक आकडाच आहे, दादा. त्या दिवशी मला रहाटातून तिनंच ओढून काढलं.

तुला दादा म्हणून हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण तू मान खाली घातलीस. मग म्हटलं, ओळख यानं तोडली, ओळख द्यायची तीही यानंच. म्हणून भाऊ म्हणाले आणि पुढं गेले. चार पावलं गेले आणि इतकं रडू फुटलं की रुक्मिणीनं मला खाली बसवलं. तिला वाटलं ऊन लागलं. नऊ तारखेचं पत्र मी मुद्दाम तसं लिहिलं, तू कबूल करतोस का ते बघायला. करंगळीचा शब्दही काढला नाही. तुझ्याकडूनच शिकले असेन असला हट्ट.

तुझ्या भाकरीचा कागद माझ्यापाशी आहे. तेलाचा डाग पडलाय, वहिनीच्या ठेच्याचा वास अजून येतो. तो मालात जाणार नाही.

माफी नको. पण तुझं ते ऑक्टोबरचं पत्र मी परत काढलं. त्यात आमचा न उच्चारायचा शब्द पाच वेळा आला आहे. आमच्या खोलीत नियम कुणाला सुटत नाही, सेक्रेटरींनाही नाही. पाच वेळचा चहा तुझ्या हातचा.

शकु

•

बोरखेडी
१९ जानेवारी १९८७

चि. शकुस,

जय भीम. चहा कबूल. बाबांनी आळीला पाजला होता तसा, गूळ आणि आलं घालून. १४ एप्रिलला जयंतीला तुझ्याकडे येतो, द्रौपदीला घेऊन. आता घाटकोपरचा पत्ता मी पारावरच्या सगळ्यांना तोंडपाठ करून दिला आहे.

फोटो ट्रंकेतून काढला. काच आणि चौकट आणून बाबांच्या फोटोशेजारी लावला. द्रौपदी म्हणाली, "आधीच लावायचा होता." बुधवारी विहारात सांगितलं. म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं, माझी बहीण आकडेमोड करत नाही. मग काय करते ते सगळं सांगितलं. मैदानातलंही. माझ्या टोपीचंही. या वेळीही कुणी मध्ये बोललं नाही, पण शेवटी सुट्टीवर आलेल्या जयवंतानं उठून जय भीम केला.

आता कामाचं. चौकट लावताना फोटो नीट पाहिला. तुझा तो आकडा बरोबर नाही. वाक फार उघडा आहे, कागद निसटत असेल. मुठीला चिंधी, त्यानं हात सोलतो. मी बावीस वर्षं कारखान्यात वेल्डिंग करतो आणि माझ्या बहिणीच्या हातात असलं लोखंड, हे मला शोभत नाही. भंगारात पडलेल्या चांगल्या सळया साहेबांना विचारून घेतल्या आहेत. मुठीला बाभळीचं लाकूड बसवतो. एक करून पाहिला, हाताला असा बसला की खाली ठेववेना.

किती बाया आहात, तो आकडा कळव. तितके आकडे घेऊन येतो.

तुझा दादा,
भीमराज

•

(पोस्टकार्ड)
घाटकोपर, २७ जानेवारी १९८७

दादा, सहा डिसेंबरनंतर बाया वाढल्या. दुसरी कॉलनीही मिळाली. आज मोजलं तर आम्ही एकेचाळीस. तरी तू बेचाळीस कर. जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही सगळ्या आकडे घेऊन चालणार आहोत, आणि आमच्या रांगेत रिकाम्या हातानं कुणी चालत नाही.
तुझी शकु